कोलोनच्या पुलावर नावाचं कुलूप लावायचंय? मग तयारी घरूनच करून निघा

आम्ही जर्मनीत राहतो, कोलोनपासून ट्रेनने तासाभरावर. त्यामुळे पुण्यामुंबईहून जे कोणी नवीन लग्न झालेलं येतं त्यांचं एक ठरलेलं असतं, ऱ्हाइन नदीवरच्या होहेनझोलर्न पुलावर जाऊन प्रेमाची खूण म्हणून तिथल्या जाळीला दोघांच्या नावाचं कुलूप लावायचं आणि किल्ली नदीत टाकायची. आणि दर वेळी स्टेशनवर उतरल्यावर आठवतं की अरे कुलूपच नाहीये, मग दुकानातून घाईघाईत काहीतरी चकचकीत लाल घ्यायचं, मार्करने नावं लिहायची, फोटो काढायचा, झालं. आम्हीही आधी तेच केलं होतं, दोन वर्षांनी गेलो तर कुलूप होतं पण त्यावर नाव नव्हतं, सगळं पावसाने धुऊन गेलेलं. मला खरंच वाईट वाटलं. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आधी कुलूप. पितळी घ्या. लोखंडी गंजतं, रंग दिलेलं असेल तर रंगाचे पोपडे निघतात, पितळ फार तर काळवंडतं पण त्यावर कोरलेलं टिकतं. एक बाजू तरी सपाट हवी, मधोमध कंपनीचं नाव ठोकलेलं असेल तर मागची बाजू वापरा. आकार तळहातात मावेल एवढाच, मोठं घेऊ नका, सगळा भार शेवटी त्या जाळीवरच येतो. कडी मात्र जरा लांब आणि बारीक बघा कारण जाळीला आता मोकळी जागा फारशी नाहीच, कुलपात कुलूप अडकवावं लागतं आणि आखूड जाड कडी तिथे आत जातच नाही. नंबर फिरवायचं कुलूप नको, त्याला किल्लीच नसते मग अर्थच काय राहिला.

नाव घालायला ऑनलाइन शोधत बसू नका, आपल्या भांड्यांच्या दुकानात जा! लग्नात द्यायच्या डब्यावर, तांब्यावर नाव घालून देतात ना, तेच मशीन पितळी कुलपावर मस्त चालतं, दोन मिनिटांचं काम. देवनागरीतच घाला, तिथे हजारो कुलपांमध्ये आपलं अक्षर दिसलं की काय वाटतं ते तिथे गेल्यावरच कळेल. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या आणि ऱ्हस्व दीर्घ स्वतः तपासा, कोरलेलं पुसता येत नाही. विमानात कुलूप चेक-इन बॅगेत टाका.

आता तिथे पोचायचं कसं. कोलोनच्या मेन स्टेशनला उतरलात की बाहेर कॅथेड्रल समोरच आहे, त्याच्या मागच्या बाजूने लुडविग म्युझियमला वळसा घालून नदीकडे चालत जा. वाटेत हाइनरिश ब्योल चौक लागतो, त्याच्या बरोब्बर खाली फिलहार्मोनी हा संगीताच्या कार्यक्रमांचा हॉल आहे आणि वरच्या पावलांचा आवाज खाली ऐकू जातो म्हणून कार्यक्रम चालू असला की चौकातून चालू देत नाहीत, माणूस उभा असतो, बाजूने जा म्हणाला की बाजूने जायचं. मला ही गोष्ट फार आवडते, गाण्यासाठी अख्खा चौक थांबवतात.

पूल १९११ चा, दुसऱ्या महायुद्धात मार्च १९४५ मध्ये जर्मन सैन्यानेच माघार घेताना उडवला आणि नंतर परत बांधला. दिवसाला हजाराहून जास्त रेल्वेगाड्या जातात त्यावरून. कुलपं आहेत ती दक्षिणेकडच्या, म्हणजे कॅथेड्रलच्या बाजूच्या पायवाटेवर, रूळ आणि पायवाट यांच्या मधल्या जाळीला. गाडी गेली की पाय थरथरतात आणि कुलपं किणकिणतात. सुरुवातीलाच गर्दीत घुसू नका, सगळे तिथेच थांबतात, नदीपलीकडच्या ड्यॉइट्झ या भागाच्या दिशेने चालत राहा आणि निवांत जागा शोधा. सायकलवाले त्याच वाटेने येतात, घंटी वाजली की लगेच कडेला व्हा, फोटोसाठी वाट अडवली की चिडतात आणि बरोबरच आहे त्यांचं.

दुसऱ्या शहरात हे करायच्या आधी मात्र विचारा. कोलोनला ही पद्धत २००८ च्या सुमारास सुरू झाली, रेल्वेच्या मनात काढायचं होतं पण लोकांनी विरोध केला म्हणून कुलपं राहिली. पॅरिसमध्ये तसं नाही, पाँ दे झार पुलाच्या कठड्याचा एक भाग जून २०१४ मध्ये कुलपांच्या वजनाने खाली आला, आणि २०१५ मध्ये सगळी काढली, ४५ टन भरली. रोमच्या मिल्व्हिओ पुलावर तर दिव्याचा खांब वाकला. तिथे आता लावणं म्हणजे दुसऱ्या दिवशी कटरने तोडायला देणं.

किल्लीचं काय करायचं हा खरा प्रश्न. रीत अशी की कुलूप लावायचं आणि मागे वळून किल्ली ऱ्हाइनमध्ये टाकायची. आता कुलपाबरोबर दोन तीन किल्ल्या येतात, एक टाकली आणि बाकीच्या ड्रॉवरमध्ये राहिल्या तर काय टाकलं आपण? आणि नदीत धातू टाकणं मला स्वतःला पटत नाही, शिवाय खालून सारखी मालवाहू जहाजं जातात, कुणाच्या डोक्यात बसेल. आम्ही दुसऱ्यांदा गेलो तेव्हा एक किल्ली नवऱ्याने घेतली एक मी, माझी मंगळसूत्राच्या डबीत आहे.

ही पद्धत कुठून आली असं आई विचारत होती तेव्हा मी तिला सर्बियातल्या व्रन्याच्का बान्या गावाची दंतकथा सांगितली. नादा नावाची शिक्षिका, रेल्या नावाचा अधिकारी, तो पहिल्या महायुद्धात ग्रीसला गेला आणि तिथेच दुसरीच्या प्रेमात पडला, नादा झुरून गेली, मग गावातल्या मुली ते दोघं भेटायचे त्या पुलावर आपली नावं लिहून कुलपं लावायला लागल्या. आई म्हणाली, म्हणजे आपण वडाला सूत गुंडाळतो तसंच की. तसंच.

शेवटचं आणि लोक हमखास विसरतात ते, जागेची खूण. फक्त कुलपाचा जवळून फोटो काढून उपयोग नाही, तिथे सगळी सारखीच दिसतात. चार पावलं मागे जाऊन वरच्या लोखंडी कमानीसकट एक फोटो काढा, ड्यॉइट्झच्या टोकापासून कितवा खांब ते मोजून फोनमध्ये लिहा, आणि शेजारचं एखादं वेगळं दिसणारं कुलूप लक्षात ठेवा. आमच्या शेजारी एक निळं सायकलचं कुलूप आहे. गेल्या वर्षी गेलो तर आमच्या कुलपाला आणखी तिघांनी आपली अडकवलेली, एक तुर्की नाव, एक जर्मन आणि एक नुसतीच तारीख. हाताने जरा बाजूला केली तर खाली आमची नावं जशीच्या तशी.