ट्रॉलर यॉटसाठी इंजिनाची ताकद कशी ठरवावी

पाणी बाजूला सारत चालणाऱ्या ट्रॉलर यॉटचा (मासेमारी ट्रॉलरच्या धर्तीच्या, संथ प्रवासाच्या बोटीचा) व्यवहार्य कमाल वेग मुख्यतः जलरेषेच्या लांबीवर, म्हणजे पाण्याच्या पातळीवरील तिच्या लांबीवर ठरत असल्याने आधी ती मोजावी. फुटांतील लांबीच्या वर्गमुळाला १.३४ ने गुणल्यास हा वेग नॉटमध्ये (ताशी सागरी मैलांत) मिळतो; ३६ फुटांसाठी तो सुमारे ८ येतो. त्यापलीकडे यॉट स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढू पाहते आणि डिझेल वाया जाते.

अशा १५ टनी यॉटला ७ नॉटसाठी टनामागे ३, म्हणजे ४५ अश्वशक्ती साधारणपणे पुरते. समोरचा वारा आणि लाटा धरून ८० घ्यावी. मात्र हा आकडा अखंड चालण्याच्या क्षमतेचा असावा. दुप्पट ताकदीचा मोह (तो होतोच) टाळावा, कारण सतत अल्प भारावर चालणाऱ्या डिझेल इंजिनात काजळी साचते.