फिल्म साउंड शिकताय? आधी कूलर बंद करा

नागपुरात मे महिन्यात शॉर्टफिल्म करणाऱ्यांचं रडगाणं ठरलेलं. महाल भागातला जुना वाडा, संवादाचा सीन. मास्टर शॉटला, म्हणजे अख्खा सीन एकत्र दिसतो त्या शॉटला, कूलर बंद असतो. क्लोजअपपर्यंत ४५ अंशांत सगळ्यांचा जीव जातो आणि कुणीतरी म्हणतं, "लाव ना भाऊ कूलर, एडिटमध्ये काढून टाकू." निघत नाही तो! पंख्याचा सोसाटा, मोटरची घरघर आणि पॅडवरून गळणारं पाणी, सगळं बोलण्याच्याच फ्रिक्वेन्सीत मिसळलेलं असतं. डीनॉइज (नको असलेला आवाज काढणारं प्लगइन) २० डीबीपर्यंत, म्हणजे डेसिबलपर्यंत, ओढला की 'स', 'श' झिजतात, शब्दांची टोकं पाण्याखालून आल्यासारखी लागतात. वर प्रत्येक कटला खोलीचा आवाज उडी मारतो तो वेगळाच.

कूलर दोन टेकच्या मधेच चालवा. सीन संपला की कुणालाही हलू न देता, तोच माइक, तीच जागा, तोच गेन (रेकॉर्डिंगची लेव्हल) ठेवून ६० सेकंद रूम टोन घ्या, म्हणजे कुणी बोलत नसतानाचा खोलीचा आवाज. कटांमधल्या फटी त्यानेच भरायच्या. कूलर चालू ठेवून शूट झालंच असेल, तर त्याचाही रूम टोन घ्या आणि पूर्ण सीनखाली पसरा. डीनॉइज ६ डीबीच्या आत ठेवा. एकसारखा आवाज कान विसरतो, मधेच गायब होणारा नाही. पण आपल्या पोट्ट्यांना रूम टोनसाठी एक मिनिट नसतो, प्लगइन शोधायला मात्र अख्खी रात्र असते.

दुसरी चूक मोबाइलच्या व्हिडिओची. वेगळ्या रेकॉर्डरवरचा आवाज व्हिडिओला लावला की सुरुवातीची क्लॅप जुळते, दहाव्या मिनिटाला ओठ आणि आवाज वेगळे. मोबाइल फ्रेमरेट स्थिर ठेवत नाही, म्हणून आवाज ताणून काही होत नाही. सरकणं सगळीकडे सारखं नसतंच. एडिटला बसण्याआधीच हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून फाइल सेकंदाला २५ फ्रेमची करून घ्या. एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. आवाज ओठांच्या दोन फ्रेम पुढे गेला तरी खटकतो.

रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवरच. ४४.१ ची फाइल ४८ समजून वाजली की जवळपास ९ टक्के वेगाने पळते आणि आवाज चढा लागतो.

संवादाचे पीक, म्हणजे आवाजाचे सर्वात मोठे क्षण, उणे १२ डीबीच्या आसपास. फाटलेली किंकाळी कुणी शिवून देत नाही.

नुसत्या हेडफोनवर मिक्स संपवू नका.

साउंडवाल्याला एएएफ (एडिटची टाइमलाइन नेणारी फाइल) देताना प्रत्येक क्लिपला दोन्ही बाजूंनी ५ सेकंदांचे हँडल, म्हणजे कटाबाहेरचा जादा आवाज, ठेवा, नाहीतर क्रॉसफेड (एक आवाज दुसऱ्यात विरघळवणं) करायला आवाजच उरत नाही.