भिगवणला रोहित (फ्लेमिंगो) बघायला जाताय? मग एवढं नक्की करा

जानेवारी ते मार्च, उजनी धरणाचं पाणी उतरायला लागलं की भिगवणला रोहित येतात, आणि मग शनिवार-रविवारी आपणही सगळे सोलापूर हायवेने तिकडेच सुटतो. जावंच, कारण कुंभारगाव, डिकसळच्या मच्छीमारांची कितीतरी घरं आता या पाहुण्यांवर चालतात. फक्त पक्ष्यांना त्रास न देता कसं बघायचं ते सांगतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अंतर. बोटवाल्या दादांना बसतानाच सांगा, "दादा, उडवू नका, लांबूनच दाखवा, पैसे तेवढेच देतो." कारण बऱ्याचदा उडवायचा आग्रह आपलाच असतो, फ्लाइट शॉट पाहिजे ना! रोहित डोकं उलटं करून चोचीने पाणी गाळून खातो, त्यात बारीक शेवाळ आणि किडे असतात, म्हणून पोट भरायला तासन्‌तास लागतात. उडायच्या आधी त्याला पाण्यावर धावत जावं लागतं, आणि सकाळपासून दहा बोटींनी दहा वेळा उडवलं तर तो खाणार कधी? खूण सोपी आहे. माना खाली असतील तर सगळं ठीक, सगळ्यांच्या माना एकदम वर झाल्या आणि थवा एका दिशेला चालायला लागला की तिथेच थांबा, मागे या. शक्य असेल तर मोटर बंद करून वल्ह्याने जा. ड्रोन तर नकोच.

कुरव (सीगल) पक्ष्यांना फरसाण, शेव टाकू नका. फोटो भारी येतो हे मान्य, पण ते तेलकट मिठाचं खाणं त्यांचं नाही, त्यांना मासे मिळतायत तिथे. आणि रिकामी पाकिटं पाण्यात जातात ती वेगळीच.

काठावर तुटक्या नायलॉन जाळ्या दिसल्या तर गोळा करून आणा, बाटल्यांपेक्षा या वाईट, पाय अडकला की पक्षी सुटत नाही. अडकलेला दिसला तर दोरा ओढायचा नाही, कात्रीने कापायचा, जखमी असेल तर भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवायचा, चोचीत पाणी अजिबात ओतायचं नाही, आणि वनविभागाच्या १९२६ वर फोन करायचा.

आता जे मला जास्त टोचतं ते. आपण पुणेकर भिगवणला न जाताही उजनी घाण करतो!! पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून थेट उजनीत, म्हणजे आपल्या मोरीतला डिटर्जंटचा फेससुद्धा तिथेच पोचतो, त्याच्यावर जलपर्णी माजते आणि पाण्यातला ऑक्सिजन संपून मासे मरतात. म्हणून पावडर निम्मी घाला (कपडे तेवढेच स्वच्छ निघतात, करून बघा), तेल-रंग बेसिनमध्ये ओतू नका, ओढ्यात उघडं सोडलेलं ड्रेनेज दिसलं की फोटो काढून महापालिकेकडे तक्रार टाका आणि तक्रार नंबर जपून ठेवून पाठपुरावा करा, एका तक्रारीने हलत नाही कोणी.

तुमच्या गावच्या तळ्यात जलपर्णी असेल तर फुलं यायच्या आत मुळासकट काढा, बी गाळात वर्षानुवर्षं टिकतं. काढलेला ढीग काठावर ठेवला तर पहिल्या पावसात परत आत, तेव्हा लांब नेऊन वाळवा. तणनाशक मारू नका, सगळं तिथेच कुजतं आणि मासे मरतात.

आणि घरातला फिशटँक नको झाला म्हणून मासे, कासव तळ्यात सोडायचं "पुण्य" करू नका प्लीज. सकर मासा (टँकची काच साफ करायला ठेवतात तो) असाच बाहेर पडून आता मच्छीमारांच्या जाळ्या फाडतोय, त्याला बाजारात गिऱ्हाईकही नाही. दुकानदाराला परत द्या, नाहीतर पाळणारं कोणी शोधा.

पहाटे सूर्य उगवायच्या आत बोटीत बसा, भडक कपडे टाळा आणि दुर्बीण घेऊन जा. दुर्बिणीतून पट्टकादंब या जंगली हंसाच्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे लांबूनही स्पष्ट दिसतात, हिमालय ओलांडून आलेत ते.