पत्रिका वाचायला शिकायचीय? मग या क्रमाने जा

पत्रिका हातात आली की बहुतेक जण आधी मंगळ कुठंय ते शोधतात, मग शनी शोधतात आणि मग टेन्शन घेतात. असं नका करू. आधी लग्न (जन्मवेळी उगवत असलेली रास) बघायचं, मग लग्नेश म्हणजे त्या राशीचा मालक ग्रह, मग बाकीची स्थानं (कुंडलीतली घरं) नि त्यांचे मालक, मग दृष्टी आणि शेवटी दशा, म्हणजे कुठल्या ग्रहाचा काळ चालू आहे ते. मधूनच एखादा ग्रह उचलून "तुमचं असं होणार" सांगणारे खूप भेटतील, पण त्यात अर्धीच गोष्ट असते.

पहिलं काम म्हणजे जन्मवेळ नीट मिळवणं. जन्माच्या क्षणी पूर्वेला जी रास उगवत असते ती लग्नरास, दिवसभरात बाराही राशी उगवून जातात म्हणून एक लग्न साधारण दोन तास टिकतं. चंद्र मात्र एका राशीत सव्वादोन दिवस असतो, त्यामुळे वेळ तासाभराने चुकली तरी चंद्ररास सहसा तीच राहते पण लग्न बदलू शकतं, आणि लग्न बदललं की बाराच्या बारा स्थानं सरकली, सगळी मेहनत पाण्यात. रात्री बारानंतरचा जन्म असेल तर तारीख दोनदा विचारा, कारण पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो आणि घरातली मोठी माणसं "गुरुवारी रात्री दीडला" म्हणतात तेव्हा कॅलेंडरवर शुक्रवार लागलेला असतो. आजी-आजोबांची पत्रिका करत असाल तर अजून एक भानगड आहे, सप्टेंबर 1942 ते ऑक्टोबर 1945 या काळात युद्धामुळे भारतातली घड्याळं एक तास पुढं होती, सॉफ्टवेअरने ते धरलंय का बघून घ्या.

दुसरं म्हणजे अयनांश. आपलं ज्योतिष निरयन आहे, म्हणजे राशी ताऱ्यांच्या संदर्भाने मोजतात, पाश्चात्य पद्धत सायन आहे, ती वसंत संपातापासून मोजते, आणि या दोन्हीत सध्या सुमारे 24 अंशांचं अंतर पडलंय, त्यालाच अयनांश म्हणतात. म्हणूनच सायन पद्धतीत सूर्य 21-22 डिसेंबरलाच मकरेत जातो आणि आपली संक्रांत मात्र 14 जानेवारीच्या आसपास येते. इंग्रजी पद्धतीने 'सिंह' असलेल्या 5 ऑगस्टच्या माणसाचा रवी आपल्याकडे कर्केत निघतो. त्यातही आपल्याकडे 'रास' म्हणजे चंद्ररास, रवीची नव्हे, त्यामुळे मासिकातलं सूर्यराशीचं भविष्य वाचून "माझी रास सिंह" ठरवलं असेल तर ते बाजूला ठेवा. ॲपमध्ये अयनांश लाहिरी म्हणजेच चित्रापक्ष ठेवा, बहुतेक ठिकाणी तेच चालतं.

आता कुंडलीचा चौकोन. इथे नवीन माणूस हमखास गोंधळतो, कारण घरात लिहिलेला आकडा हा राशीचा नंबर असतो, स्थानाचा नसतो. वरचं मधलं घर कायम प्रथमस्थान, तिथून घड्याळाच्या उलट दिशेने दुसरं, तिसरं असं मोजत जायचं. वरच्या घरात 2 लिहिलं असेल तर वृषभ लग्न, बस.

उदाहरण सगळ्यांना माहीत असलेलं घेऊ, 15 ऑगस्ट 1947, रात्री 12, दिल्ली. स्वतंत्र भारताची पत्रिका म्हणून ज्योतिषी हीच वापरतात. वरच्या घरात 2, म्हणजे वृषभ लग्न, तिथेच राहू आणि समोर सप्तमात वृश्चिकेचा केतू. मिथुनेत मंगळ, म्हणजे दुसऱ्या, धनस्थानात. तुळेत गुरू, म्हणजे सहाव्यात. आणि कर्केत रवी, चंद्र, बुध, शुक्र, शनी असे पाच ग्रह, कर्क वृषभेपासून तिसरी म्हणून ही सगळी गर्दी पराक्रमस्थानात.

वाचायला कसं घ्यायचं? वृषभेचा मालक शुक्र, तो लग्नेश, तो तिसऱ्यात बसलाय, म्हणजे पत्रिकेचा जोर धडपडीवर, लिखाण-बोलण्यावर, शेजाऱ्यांवर, कारण तिसरं स्थान या गोष्टींचं. (शेजारी म्हटल्यावर आपल्याला काय आठवतं ते वेगळं सांगायला नको.) मग शनी. तो मकर आणि कुंभेचा मालक, या दोन राशी वृषभ लग्नाला नवव्या आणि दहाव्या येतात, म्हणजे भाग्य आणि कर्म दोन्हीच्या किल्ल्या शनीकडे, अशा ग्रहाला योगकारक म्हणतात. बघा, ज्या शनीच्या नावाने लोक घाबरतात तोच इथे सगळ्यात कामाचा ग्रह ठरतो! म्हणून 'शनी वाईट, गुरू चांगला' हे डोक्यातून काढा, कोण कुठल्या स्थानाचा मालक हे आधी बघा. पण इथे शुक्र आणि शनी दोघंही रवीच्या फार जवळ आहेत, म्हणजे अस्तंगत, त्यामुळे बळ कमी धरतात. एक हो, एक पण, असंच चालतं हे सगळं.

दृष्टीचे नियम पाठ करण्याइतके छोटे आहेत. प्रत्येक ग्रह स्वतःपासून सातव्या स्थानाला बघतो, शिवाय मंगळ चौथं आणि आठवं, गुरू पाचवं आणि नववं, शनी तिसरं आणि दहावं. मोजताना ग्रह बसलाय ते घर 'एक' धरायचं. आपल्या उदाहरणात तुळेपासून मिथुन नववी, म्हणजे गुरूची दृष्टी धनस्थानातल्या मंगळावर आहे.

कुठली गोष्ट घडणार हे स्थानांवरून बघतात आणि कधी घडणार हे दशेवरून. 27 नक्षत्रं, प्रत्येक 13 अंश 20 कलांचं, जन्माला चंद्र ज्या नक्षत्रात त्याच्या स्वामीची दशा आधी. विंशोत्तरी या दशापद्धतीत एकूण 120 वर्षं: केतू 7, शुक्र 20, रवी 6, चंद्र 10, मंगळ 7, राहू 18, गुरू 16, शनी 19, बुध 17, आणि हा क्रम फिरत राहतो. पहिली दशा पूर्ण मिळत नाही, चंद्राने नक्षत्राचा जेवढा भाग ओलांडला तेवढी वर्षं वजा होतात. 1947 च्या पत्रिकेत चंद्र पुष्यात नुकताच शिरलेला, पुष्याचा स्वामी शनी, म्हणून 19 पैकी साधारण 18 वर्षं शिल्लक, म्हणजे शनीची दशा 1965 पर्यंत, मग बुध 1982 पर्यंत, मग केतू 1989 पर्यंत. एकदा हे कागदावर हाताने करून बघा, ॲपवर बघून लक्षात राहत नाही.

साडेसाती वगैरे गोचराच्या, म्हणजे ग्रहांच्या सध्याच्या भ्रमणाच्या गोष्टी याच्यानंतर. शनी एका राशीत अडीच वर्षं असतो, चंद्रराशीच्या मागची, ती स्वतः आणि पुढची अशा तीन राशी मिळून साडेसात, एवढं कळलं तरी सुरुवातीला पुरे.

आता सरावाचं. 1947 ची पत्रिका मी पटापट वाचून दाखवली कारण पुढं काय झालं ते आपल्याला माहितीय, माहीत असलेलं जुळवणं सोपंच असतं. पुण्यात जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर वगैरे मंडळींनी 2008 च्या सुमारास एक चाचणी घेतली होती, हुशार मुलं आणि मतिमंद मुलं यांच्या पत्रिका नावं न सांगता ज्योतिषांना दिल्या आणि कुठली कुणाची ते ओळखायला सांगितलं. 27 जणांनी प्रत्येकी 40 पत्रिकांची उत्तरं पाठवली, बरोबर आली सरासरी 46 टक्के, म्हणजे छापा-काटा केला असता तरी तेवढंच. पैसे घेऊन भविष्य सांगायचा विचार असेल तर हा आकडा लक्षात असू द्या, आणि लग्न मोडायचं किंवा ऑपरेशन पुढं ढकलायचं असले सल्ले कुणालाही देऊ नका.

शिकायचंच असेल तर मित्राला सांगा, ओळखीच्या कुणाचीतरी जन्मतारीख, वेळ, ठिकाण दे पण नाव सांगू नको. लग्न, लग्नेश, दशमेश (दहाव्या स्थानाचा मालक), चालू दशा एवढ्यावरून पाच वाक्यं लिहा, खाली तारीख टाका आणि मगच त्याला विचारा माणूस कोण ते. चुकलेली वाक्यं खोडायची नाहीत, वहीत तशीच ठेवायची.