जुन्या सिंथेसायझरचे आवाज सॉफ्टवेअरमध्ये घडवताना या चुका टाळा

जुन्या हार्डवेअर सिंथेसायझरचा आवाज प्लगइनमध्ये (संगणकावरच्या वाद्य-सॉफ्टवेअरमध्ये) नव्याने घडवण्याचा प्रयत्न बहुतेक वेळा एका ठरीव साच्यामुळे फसतो. दोन-तीन ऑसिलेटर (मूळ ध्वनिलहर काढणारे भाग) घ्यायचे, त्यांत थोडा डिट्यून (सुरांत किंचित फरक) करायचा, लो-पास फिल्टर (वरचे उपस्वर कापणारा) लावायचा आणि वरून सॅच्युरेशन (सिग्नल किंचित चेपणे) व रिव्हर्ब (घुमारा) चढवायचा, हा तो साचा. त्यातून निघणारा आवाज ऐकायला वाईट नसतो, पण तो मिनीमूगचाही वाटत नाही आणि ज्युनोचाही वाटत नाही, कारण ही वाद्ये एकमेकांपासून रचनेतच वेगळी होती. माझे ठाम मत असे आहे की नॉबला हात लावण्यापूर्वी त्या विशिष्ट वाद्यात काय होते आणि विशेषतः काय नव्हते, याची माहिती करून घेतली पाहिजे. खाली दिलेल्या बहुतेक चुका ही माहिती नसल्यामुळेच होतात.

ऊब आणण्यासाठी सगळीकडे डिट्यून करणे

ॲनालॉग म्हणजे सूर थोडा हलता, असे गृहीत धरून प्रत्येक पॅचमध्ये (आवाजाच्या जुळवलेल्या सेटिंगमध्ये) ड्रिफ्ट (सुराचे आपोआप सरकणे) आणि डिट्यून वाढवला जातो. रोलँडच्या ज्युनो-६० (१९८२) आणि ज्युनो-१०६ (१९८४) या वाद्यांच्या बाबतीत हा उपाय नेमका उलटा पडतो. या वाद्यांत प्रत्येक आवाजाला (एका वेळी वाजणाऱ्या प्रत्येक स्वराला) एकच ऑसिलेटर होता आणि त्याचा सूर डिजिटल घड्याळावर बांधलेला होता, त्यामुळे तो पक्का राहत असे. सॉ (करवतीच्या दात्यांसारखी लहर), पल्स (चौकोनी लहर) आणि एक सप्तक खालचा सब-ऑसिलेटर हे तिन्ही त्या एकाच ऑसिलेटरमधून निघत आणि परस्परांशी फेजमध्ये (लहरीच्या आवर्तनातल्या स्थानात) जखडलेले असत. प्लगइनमध्ये त्यासाठी दोन स्वतंत्र ऑसिलेटर मोकळे सोडले, तर प्रत्येक पट्टी दाबताना त्यांचा फेज वेगळा पडतो, आणि एका स्वरात खर्ज भरीव तर पुढच्या स्वरात पोकळ लागतो. अशा वेळी ऑसिलेटरचा फेज पट्टीबरोबर नव्याने सुरू होईल अशी सेटिंग ठेवावी, डिट्यून शून्यावर आणावा आणि सबसाठी शक्यतो प्लगइनमधील अंगभूत सब-ऑसिलेटरच वापरावा.

मग ज्युनोची ती प्रसिद्ध ऊब येते कुठून? ती येते कोरसमधून, म्हणजे आवाजात त्याचीच किंचित उशिराची, हलती प्रत मिसळणाऱ्या इफेक्टमधून. या कोरसमध्ये मूळ आवाजासोबत बकेट-ब्रिगेड (सिग्नल टप्प्याटप्प्याने पुढे सरकवणाऱ्या) चिपवरच्या दोन विलंब-रेषा चालतात, एक डाव्या बाजूला आणि एक उजव्या बाजूला, आणि त्यांची हालचाल परस्परविरुद्ध असते. एकीचा विलंब वाढतो तेव्हा दुसरीचा कमी होतो. ज्युनो-६० मध्ये कोरसच्या पहिल्या बटणाचा वेग सेकंदाला सुमारे अर्धे आंदोलन आणि दुसऱ्याचा सुमारे ०.८ हर्ट्झ आहे. प्लगइनमधील साधा कोरस दोन्ही बाजूंना एकाच दिशेने हलत असेल, तर कितीही वाढवला तरी तो परिणाम साधत नाही. डाव्या-उजव्या हालचालीत १८० अंशांचा फरक ठेवावा लागतो. आणखी एक गोष्ट सहज विसरली जाते: ज्युनोत प्रत्येक आवाजाला एकच एन्व्हलप (स्वर सुरू होऊन विरेपर्यंतचा चढ-उतार ठरवणारा भाग) होता, आणि फिल्टर व आवाजाची पातळी या दोन्ही गोष्टी तोच चालवत असे. प्लगइनमध्ये दोन एन्व्हलप उपलब्ध असले, तरी येथे एकच वापरणे योग्य ठरते.

डिट्यून जिथे खरोखर हवा असतो, तिथेही तो सेंटमध्ये (अर्ध्या स्वराच्या शंभराव्या भागात) लावून मोकळे होऊ नये. दोन ऑसिलेटरमध्ये ५ सेंटचा फरक असेल, तर ४४० हर्ट्झच्या स्वरावर सेकंदाला सुमारे १.२७ डोल (पातळीचे चढ-उतार) पडतात, आणि ११० हर्ट्झच्या खर्जात तोच वेग ०.३२ वर येतो, म्हणजे एका डोलाला साधारण तीन सेकंद लागतात. दोन्ही ऑसिलेटरची पातळी समान असेल, तर त्या तीन सेकंदांत मूळ स्वर एकदा जवळजवळ नाहीसा होतो. खर्ज मधूनच गायब होतो अशी तक्रार असणाऱ्यांनी प्रथम हे तपासावे. एका ऑसिलेटरची पातळी थोडी उतरवली, तर स्वर पूर्णपणे बुडत नाही.

खर्ज पातळ लागणे

मिनीमूग मॉडेल डी हे १९७० चे वाद्य. त्यात तीन ऑसिलेटर आणि सप्तकामागे २४ डेसिबलने उतरणारा ट्रान्झिस्टर लॅडर फिल्टर आहे. या फिल्टरचा एक स्वभाव असा की रेझोनन्स (फिल्टरच्या सीमेजवळच्या उपस्वरांना मिळणारा उठाव) वाढवत नेला, की खालचे स्वर क्षीण होत जातात. अनेक प्लगइन हा तोटा आपोआप भरून काढतात, आणि मग आवाज भरदार असूनही ओळखीचा वाटत नाही. उलट, ज्यांना खर्ज पातळ वाटतो ते इक्वलायझरने तो वाढवत बसतात, वास्तविक तेथे रेझोनन्स कमी करायला हवा.

मात्र मिनीमूगच्या भरदारपणाचे मोठे कारण फिल्टरच्या अलीकडे आहे. तिन्ही ऑसिलेटर मिक्सरमध्ये पूर्ण चढवले, की फिल्टरच्या प्रवेशावर इतका जोरदार सिग्नल येतो की तो तिथेच चेपला जाऊ लागतो. सॉफ्टवेअरमधील साधा डिजिटल मिक्सर असे काही करत नाही. तो फक्त बेरीज करतो. म्हणून सॅच्युरेशन फिल्टरच्या आधी लावायला हवे. सवयीने ते साखळीच्या अगदी शेवटी लावले जाते आणि फिल्टरने कापून झालेल्या आवाजाला नवीन तीव्र उपस्वर फुटतात. प्लगइनमध्ये फिल्टरचा ड्राइव्ह असेल तर तो वापरावा, आणि ऑसिलेटरची पातळी बदलली की आवाजाचा पोतही बदलतो का, हे कान देऊन ऐकावे. पोत बदलत नसेल, तर सिग्नल फिल्टरवर पुरेशा जोराने पोहोचत नाही असे समजावे.

वाद्य वाजवण्याची पद्धत न पाळणे

आवाज हुबेहूब जुळतो, पण वाजवला की फसवा वाटतो. अशा वेळी दोष बहुधा पॅचमध्ये नसतो. मिनीमूगवर एका वेळी एकच स्वर वाजतो. दोन पट्ट्या एकत्र दाबल्या तर खालच्या स्वराला प्राधान्य मिळते, आणि आधीची पट्टी न सोडता पुढची दाबली तर एन्व्हलप नव्याने सुरू होत नाही. वरची पट्टी धरून ठेवून खालच्या पट्टीवर ठोके दिले, की स्वर खाली-वर उड्या मारतो. प्लगइनमध्ये शेवटच्या स्वराला प्राधान्य दिलेले असेल, तर खालची पट्टी धरून वरची दाबल्यावरही स्वर बदलतो आणि वाजवण्याची ही खास लकब बिघडते. मोनो (एका वेळी एकच स्वर), लेगाटो (स्वर जोडून वाजवणे) आणि स्वर-प्राधान्य या तीन सेटिंग कटऑफच्याही (फिल्टर जिथून कापू लागतो त्या सीमेच्याही) आधी बघाव्यात.

पट्टी दाबण्याच्या जोराचेही तसेच आहे. मिनीमूग, ज्युनो, ज्युपिटर-८ (१९८१) आणि मूळ प्रॉफेट-५ (१९७८) यांच्या कीबोर्डला तो जोर कळतच नसे, म्हणून त्यांच्या पॅचमध्ये व्हेलॉसिटीचा (या जोराचा) फिल्टरवरचा परिणाम बंद ठेवावा. यामाहा सीएस-८० (१९७७) मात्र याला अपवाद आहे. त्याचा कीबोर्ड पट्टीचा जोर ओळखत असे आणि पट्टी दाबल्यानंतरचा दाबही प्रत्येक स्वरासाठी स्वतंत्रपणे ओळखत असे. त्याचे ब्रास एका स्थिर पॅचमधून काढायचा प्रयत्न करणे व्यर्थ आहे. निदान मॉड्युलेशन व्हीलवर फिल्टर देऊन प्रत्येक स्वर हाताने फुलवावा लागतो.

टीबी-३०३: फक्त रेझोनन्स वाढवणे

रोलँडचे हे छोटे यंत्र सर्वांत जास्त वेळा नक्कल केले जाते आणि सर्वांत जास्त वेळा चुकीचे केले जाते. त्यात एकच ऑसिलेटर आहे, सॉ किंवा स्क्वेअर, आणि त्याचा फिल्टर रेझोनन्स पूर्ण चढवला तरी स्वतः शिट्टी वाजवू लागत नाही. प्लगइनचा फिल्टर शिट्टी वाजवत असेल, तर रेझोनन्स त्या उंबरठ्याच्या थोडा अलीकडेच थांबवावा.

खरी जान आहे ती ॲक्सेंट (निवडक स्वरावर दिलेला जोर) आणि स्लाइड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) यांत. ॲक्सेंट दिलेल्या स्वराची पातळी वाढते, त्याच्या फिल्टर एन्व्हलपचा उतार आखूड होतो आणि रेझोनन्सचा नॉब जितका चढवलेला असेल तितका कटऑफला वेगळा धक्का बसतो. ॲक्सेंट एकामागोमाग आले तर आतला कपॅसिटर पूर्ण रिकामा होत नाही, आणि प्रत्येक पुढच्या स्वराला आवाज थोडा अधिक वर उघडतो. केवळ व्हेलॉसिटी वाढवून हे जमत नाही. ॲक्सेंटच्या स्वरांसाठी कटऑफ आणि डिके (एन्व्हलपचा उतार) यांचे वेगळे ऑटोमेशन (वेळेनुसार आपोआप होणारे बदल) काढावे लागते. स्लाइडला लागणारा वेळ ठरलेला असतो, साधारण ६० मिलिसेकंद, मग स्वरांतले अंतर दोन श्रुतींचे असो की दोन सप्तकांचे. पोर्टामेंटो (प्लगइनमधील हीच घसरण) स्थिर-वेळेवर ठेवावा आणि मिडीमध्ये (स्वरांच्या संगणकीय नोंदीत) फक्त स्लाइडचे स्वर एकमेकांवर किंचित चढवावेत. स्लाइड सगळीकडे ऐकू येत असेल, तर नको तिथे स्वर एकमेकांवर चढले आहेत. ॲसिड संगीताच्या रेकॉर्डिंगमधला तो चिरका, फाटका आवाज पुष्कळदा बाहेरून लावलेल्या डिस्टॉर्शनचा असतो, त्यामुळे तो फिल्टरमध्ये शोधत बसण्यात अर्थ नाही.

डीएक्स-७ ला ॲनालॉगप्रमाणे वागवणे

१९८३ च्या यामाहा डीएक्स-७ मध्ये फिल्टर मुळातच नाही. सहा ऑपरेटर (लहर काढणारे भाग), ३२ अल्गोरिदम (ते एकमेकांना जोडण्याच्या रचना) आणि साइन वेव्ह, एवढ्यावर सगळा खेळ आहे. आवाज कर्कश वाटला की लो-पास फिल्टर लावण्याचा मोह होतो. त्याऐवजी मॉड्युलेटरची (दुसऱ्या ऑपरेटरची लहर बदलणाऱ्या ऑपरेटरची) पातळी कमी करावी. ही पातळी ० ते ९९ अशी असून तिचे मोजमाप लॉगरिदमिक आहे, म्हणून वरच्या टोकाला दोन-तीन अंकांनीही स्वरूप पालटते. पियानोचा सर्वपरिचित आवाज पाचव्या अल्गोरिदमवर, म्हणजे तीन जोड्यांवर, उभा आहे. त्यातल्या एका जोडीत मॉड्युलेटरच्या कंपनसंख्येचे गुणोत्तर १४ आहे आणि सुरुवातीची ती धातूची टणत्कार तिथूनच येते. मॉड्युलेटरला व्हेलॉसिटी लावली नाही, तर हळू आणि जोरात वाजवलेल्या स्वरांत फक्त मोठेपणाचा फरक राहतो. वरच्या सप्तकात आवाज बोचत असेल, तर कीबोर्ड लेव्हल स्केलिंग (पट्टीच्या उंचीनुसार पातळी कमी-जास्त करणे) राहून गेलेले असते. मूळ पॅचची फाइल थेट वाचणारे डेक्स्डसारखे मोफत प्लगइन उपलब्ध असताना डोळ्यांनी आकडे उतरवत बसू नये. ३२ आवाजांची मूळ सिसेक्स (वाद्याच्या सेटिंगची) फाइल ४,१०४ बाइटची असते. आकार वेगळा असेल आणि फाइल उघडत नसेल, तर ती वेगळ्या वाद्याची किंवा अर्धवट आहे का, हे आधी बघावे.

खरखर, टकटक आणि परके स्वर

सॉ वेव्हने वरच्या सप्तकात ग्लाइड करून पाहावे. स्वर वर चढत असताना काही क्षीण स्वर खाली उतरताना ऐकू आले, तर ते अलियासिंग आहे, ४४.१ किलोहर्ट्झच्या सॅम्पल-दराला २२,०५० हर्ट्झच्या वरचे उपस्वर परत खाली दुमडतात. ओव्हरसॅम्पलिंग (आतली गणना अधिक सॅम्पल-दराने करणे) चालू करावे. पीपीजी वेव्हसारख्या ८ बिट वेव्हटेबलच्या (साठवलेल्या लहरींच्या) वाद्यांत मात्र तो खरबरीतपणा मूळ आवाजाचाच भाग आहे, तो पुसू नये. रोलँड जेपी-८००० च्या सुपरसॉमध्ये (एकत्र वाजणाऱ्या सात सॉ लहरींमध्ये) प्रत्येक स्वराच्या सुरुवातीला टक् असा आवाज आला, तर सातही सॉ एकाच फेजमधून सुटत आहेत. मूळ वाद्यात ते मोकळे धावत असत.

तुलना चुकीच्या गोष्टीशी करणे

गाजलेल्या रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येणारा आवाज हा वाद्य, इक्वलायझर, टेप, रिव्हर्ब आणि शेजारची वाद्ये यांचा मिळून झालेला असतो. शक्य असेल तर त्या वाद्याचा नुसता, कोरडा नमुना मिळवावा. आधी फिल्टर पूर्ण उघडा ठेवून एकाच ऑसिलेटरची लहर जुळवावी, मग स्थिर फिल्टर, मग एन्व्हलप आणि सर्वांत शेवटी इफेक्ट. एन्व्हलप जुळवताना केवळ वेळ बघू नये. जुन्या सर्किटमध्ये कपॅसिटर रिकामा होताना उतार आधी झपाट्याने आणि मग रेंगाळत होतो, आणि प्लगइनमध्ये सरळ रेषा असेल तर प्लकचे (तार छेडल्यासारखे) आवाज बोथट लागतात. दोन नमुने एकामागून एक ऐकण्यापूर्वी त्यांची पातळी समान करावी, कारण जरासा मोठा आवाज कानाला बहुधा अधिक चांगला वाटतो आणि त्या भ्रमात चांगली चाललेली सेटिंग बदलली जाते.