फळा बदलला, धडा बदलला का? तंत्रज्ञानाच्या साथीने सर्जनशील अध्यापन कसे करावे

वर्गात प्रोजेक्टर आला, पडदा लागला आणि त्या पडद्यावर पाठ्यपुस्तकाचंच पान उघडलं. मुलांनी ते निमूटपणे वहीत उतरवून घेतलं. असे तास मी दोन वर्षं घेतले आणि तेव्हा मी स्वतःला मोठा तंत्रस्नेही शिक्षक समजत होतो.

शिक्षणातल्या तंत्रज्ञानाचे अभ्यासक रुबेन पुएन्टेडुरा यांनी वर्गातल्या तंत्रज्ञानाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत. जुन्या साधनाच्या जागी नवं ठेवणं ही पहिली, तेच काम थोडं सोयीचं करणं ही दुसरी, कामाचा आराखडा बदलणं ही तिसरी आणि पूर्वी करताच येत नव्हतं असं काम करणं ही चौथी. प्रत्येक तासाला चौथ्या पायरीवर उभं राहायलाच हवं असं मला वाटत नाही. काही गोष्टी खडूनेच छान कळतात. पण माझे तास या मांडणीत ठेवून पाहिले तेव्हा दोन वर्षं मी पहिल्या पायरीवरच बसून होतो, हे मात्र लख्ख दिसलं. तिथून उठायला जे उपयोगी पडलं ते क्रमाने सांगतो.

१. घोडं कुठं पेंड खातं ते आधी शोधा

ॲप सर्वांत शेवटी निवडायचं. आधी मागच्या वर्षीच्या उत्तरपत्रिका आठवा. उत्तर पाठ आहे पण कळलेलं नाही, अशी एक जागा प्रत्येक धड्यात असते. ‘खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग वाढत जातो’ हे वाक्य सगळे लिहितात. ‘वाढतो हे तू पाहिलंस का?’ असं विचारलं की वर्ग एकमेकांकडे बघतो.

ती जागा एका वाक्यात लिहून काढा. वाक्य बहुधा तीनपैकी एका साच्यात बसतं: मुलांना अमुक दिसत नाही, अमुक बदलून पाहता येत नाही, किंवा अमुक स्वतः रचता येत नाही.

२. वाक्यावरून साधन निवडा

दिसत नसेल तर कॅमेरा. फार जलद घडणाऱ्या गोष्टीसाठी स्लो मोशन, फार सावकाश घडणाऱ्यासाठी टाइमलॅप्स.

बदलून पाहता येत नसेल तर सिम्युलेशन, म्हणजे आकडे बदलून पाहता येणारी संगणकावरची प्रतिकृती. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या ‘फेट’ प्रकल्पात विज्ञान-गणिताची अशी सिम्युलेशन्स मोफत मिळतात. भूमितीसाठी जिओजेब्रा आहे. त्यात त्रिकोणाचा शिरोबिंदू ओढला की बाजू, कोन, क्षेत्रफळ सगळं हलतं. इथे बहुतेक जण ‘काय बदललं?’ असं विचारतात. मी विचारतो, ‘काय बदलत नाहीये?’ कोनांची बेरीज १८० वरच अडून बसते हे मुलांच्या आपलं आपण लक्षात येतं, आणि मग ती मोडायचा प्रयत्न सुरू होतो. त्या प्रयत्नाला वेळ द्या. मोडत नाही म्हणून चिडलेलं मूल ‘का मोडत नाही?’ या प्रश्नापर्यंत आलेलं असतं, आणि सिद्धता शिकवायला तीच वेळ बरी.

रचता येत नसेल तर स्क्रॅच ही मुलांसाठीची प्रोग्रामिंग भाषा, ध्वनिमुद्रण, किंवा एकेक फोटो जोडून केलेला चलतपट. स्क्रॅच २००७ मध्ये एमआयटीच्या मीडिया लॅबमधून बाहेर आलं, पण त्यामागचा विचार १९६७ च्या लोगो या प्रोग्रामिंग भाषेपर्यंत मागे जातो. ती घडवणाऱ्या सीमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना संगणकाने मुलाला शिकवण्यापेक्षा मुलाने संगणकाला शिकवावं, असं वाटत होतं.

एका सत्रात एकच साधन घ्या. दर आठवड्याला नवं ॲप आणलं की मुलं बटणं शिकतात आणि विषय राहून जातो.

३. आधी स्वतः करून बिघडवा

हे टाळू नका. मुलांना देणार ते काम घरी पूर्ण करून पाहा, तेही मुलांकडे असेल तशाच साध्या फोनवर. कुठे अडलात, कशाचा कंटाळा आला, किती वेळ लागला हे टिपून ठेवा. तुम्हाला वीस मिनिटं लागली असतील तर वर्गाला पूर्ण तास लागेल असं धरून चाला.

४. एक धडा सविस्तर: पडणारा चेंडू

बऱ्याच फोनमध्ये सेकंदाला २४० चित्रं टिपणारा स्लो मोशन असतो. चेंडू एक मीटर उंचीवरून सोडला तर जमिनीवर यायला साधारण ०.४५ सेकंद लागतात. नेहमीच्या ३० चित्रांच्या चित्रीकरणात या वेळात जेमतेम १३ चित्रं मिळतात; स्लो मोशनमध्ये १०८. भिंतीवर मोजपट्टी चिकटवा, फोन स्थिर ठेवा, चेंडू सोडा. मग दर २४ चित्रांनी, म्हणजे दर ०.१ सेकंदाने, चेंडू कुठे आहे ते वाचा. साधारण ५, २०, ४४, ७८ सेंटिमीटर असे आकडे येतात. प्रत्येक टप्प्यातलं अंतर काढलं की १, ३, ५, ७ हे गुणोत्तर डोकं वर काढतं.

हे गुणोत्तर मुलांना सांगू नका. माझ्या वर्गात ते सापडायला अर्धा तास गेला. ज्या गटाला सापडलं त्यांनी इतरांना सांगायला साफ नकार दिला.

पहिल्या वेळी मात्र माझी फजिती झाली होती. मुलांनी व्हिडिओवर दिसणारा वेळच मोजला. २४० च्या वेगाने टिपलेली चित्रं फोन ३० च्या वेगाने दाखवतो, त्यामुळे सगळं आठपट लांबतं आणि चेंडू साडेतीन सेकंदांहून जास्त वेळ पडत राहतो. त्या वेळेवरून गुरुत्वत्वरण, म्हणजे दर सेकंदाला वेग किती वाढतो ते, आलं ०.१५ मी/से², म्हणजे चंद्रावर असतं त्याच्याही दहावा भाग. माझ्या तयारीत ही चूक आलीच नव्हती, कारण मी घरी चित्रं मोजली होती, वेळ नाही. ‘उत्तर चुकलं, पुन्हा करा’ हे वाक्य ओठांवर आलं होतं. त्याऐवजी विचारलं, ‘हा चेंडू कुठल्या ग्रहावर पडतोय?’ उरलेला तास त्या एका प्रश्नावर गेला. वेळ आठपट वाढला तर त्वरण चौसष्टपट का कमी होतं, हे एका मुलीने फळ्यावर येऊन, खडूनेच, दाखवलं. तेव्हापासून ही चूक मी मुद्दाम होऊ देतो.

याच तासाला गॅलिलिओची गोष्ट सांगावी. त्याच्याकडे ना कॅमेरा होता ना सेकंदाचे भाग दाखवणारं घड्याळ. म्हणून त्याने पडणंच संथ केलं: उतरत्या फळीवरून गोळा सोडला आणि भांड्यातून बारीक धारेने गळलेलं पाणी तोलून वेळ मोजला. १६३८ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं. ही गोष्ट ऐकवून मुलांना विचारा: फोन नसता तर तुम्ही काय केलं असतं?

५. अट घाला

‘हवं ते बनवा’ म्हटलं की बहुतेक मुलं गोंधळतात आणि शेवटी इंटरनेटवरचं चित्र चिकटवतात. अट घातली की डोकं चालायला लागतं. पण अट अशी हवी की ती पाळताना विषयातच निर्णय घ्यावे लागतील.

पेशीविभाजनाचा चलतपट घ्या. मातीच्या किंवा दोऱ्याच्या पेशी करायच्या, एकेक फोटो काढायचा, सेकंदाला १० फोटो, एकूण फोटो फक्त ३००. म्हणजे अर्धा मिनिट. आता विभाजनाच्या सुरुवातीच्या पूर्वावस्थेला किती फोटो द्यायचे आणि गुणसूत्रं दोन बाजूंना ओढली जातात त्या पश्चावस्थेला किती? पूर्वावस्था लांबते, पश्चावस्था पटकन उरकते. सगळ्या अवस्थांना समान फोटो वाटणाऱ्या गटाला शेजारचा गट अडवतो, आणि पुस्तक न सांगता उघडलं जातं.

भाषेच्या तासाला असंच: एका कवितेचा ४५ सेकंदांचा ध्वनिपट करायचा, त्यात एकही शब्द नको. ऑडॅसिटीसारखं मोफत सॉफ्टवेअर पुरतं. शांतता कुठे ठेवायची यावर मुलं भांडतात, आणि त्या भांडणात कवितेच्या ओळी पुराव्यासारख्या समोर येतात. रसग्रहणाचे प्रश्न विचारून एवढं कधी निघालं नव्हतं.

६. एआयला शेवटी बोलवा

चॅटबॉटला विचारलं की तीस कल्पना तयार मिळतात, आणि सगळ्या वर्गाच्या कल्पना एकाच वळणाच्या होतात. म्हणून माझा नियम असा की आधी प्रत्येकाने कागदावर पाच कल्पना लिहायच्या, मग एआयला विचारायचं, आणि त्याने दिलेली जी कल्पना आपल्या यादीत आधीच आहे तिच्यावर काट मारायची. आपल्या यादीत उरलेल्यांवर काम करायचं. दुसरा चांगला उपयोग म्हणजे त्याच्या उत्तरातल्या चुका शोधायला लावणं. तो चुकीचंही अगदी ठामपणे सांगतो. मुलांची नावं, गुण, फोटो त्यात टाकू नका, आणि वापराच्या अटींमधलं किमान वय वाचल्याशिवाय मुलांच्या हाती ते देऊ नका.

७. गुण चकचकाटाला देऊ नका

रंगीत अक्षरं आणि उड्या मारणारी चित्रं यांना गुण मिळतात हे मुलांना एकदा कळलं की पुढच्या वेळी तेवढंच मिळतं. मानसशास्त्रज्ञ जे. पी. गिल्फर्ड यांनी १९५० च्या सुमारास सर्जनशीलतेच्या अभ्यासाला चालना दिली, तेव्हापासून चार निकष वापरात आहेत: ओघ म्हणजे किती कल्पना, लवचिकता म्हणजे किती वेगवेगळ्या दिशांच्या, मौलिकता म्हणजे इतरांना न सुचलेल्या, आणि विस्तार म्हणजे कल्पना किती तपशिलात नेली. ‘वीट कशाकशासाठी वापरता येईल?’ या प्रश्नाला घर, भिंत, कुंपण, ओटा अशी चार उत्तरं आली तर ओघ आहे, पण दिशा एकच. पेपरवेट आणि लाल रंगाची भुकटी म्हटलं की दिशा बदलली.

हे निकष मी पूर्ण कामापेक्षा कच्च्या खर्ड्यांना लावतो. म्हणून प्रत्येक गटाने फाइलची प्रत्येक आवृत्ती वेगळ्या नावाने जपायची आणि शेवटी दोन मिनिटं बोलायचं: काय टाकून दिलं आणि का? आयतं उतरवलेलं काम या प्रश्नाला टिकत नाही, कारण त्यात टाकून दिलेलं काहीच नसतं.

८. वीज गेली तर

जाईलच, आणि नेमकी तुमचा तास बघायला कुणी येईल त्या दिवशी जाईल. फेटची बरीच सिम्युलेशन्स उतरवून इंटरनेटशिवाय चालवता येतात, ती आधीच उतरवून ठेवा. फोन कमी असतील तर चौघांत एक द्या: एक टिपणारा, एक मोजणारा, एक लिहिणारा, एक शंका काढणारा. शंका काढणाऱ्याचं काम सर्वांत अवघड, ते आळीपाळीने फिरवा.

९. धडा इतरांना द्या

चाललेला धडा एका पानात लिहा: कुठे अडत होतं, साधन कोणतं, अट कोणती, काय फसलं. शेवटचा रकाना सर्वांत मोठा ठेवा. आपलं काम इतरांना वापरू देणारे क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने २००२ पासून उपलब्ध आहेत. ‘श्रेय द्या, बदला, त्याच अटींवर पुढे द्या’ असा परवाना त्या पानावर लिहिला की दुसऱ्या शिक्षकाला परवानगी मागत बसावं लागत नाही. माझा चेंडूचा धडा एका सहकाऱ्याने असाच नेला आणि महिन्याभराने परत पाठवला. चेंडूच्या जागी त्याने कागदाचा चुरगाळलेला बोळा घेतला होता आणि शेजारी तसाच, पण न चुरगाळलेला कागद. माझं १, ३, ५, ७ त्या सपाट कागदाला लागूच पडत नव्हतं, आणि ‘का नाही?’ एवढाच प्रश्न त्याने पानाच्या तळाशी लिहिला होता.