दुसऱ्या देशावरचा घटक आखताना या चुका टाळा

प्राथमिक शाळेत ‘इतर देशांची ओळख’ असा आंतरविषयक घटक घ्यायचे ठरले की सर्वांत आधी कार्डशीट, चमकी आणि पताकांची खरेदी होते, आणि घटकाचे निम्मे नुकसान तिथेच होऊन जाते. मी चौथीच्या वर्गात केनियावर तीन आठवड्यांचा घटक घेते. नवे सहकारी माझ्याकडे आराखडा मागायला येतात आणि त्यातला नेमका सजावटीचा भाग उचलून नेतात, म्हणून हे लिहीत आहे.

वेशभूषेपासून सुरुवात करणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे आणि ती मी स्वतः केलेली आहे. पहिल्या वर्षी मी मुलांकडून कागदी मुखवटे, ढाली आणि भाले करून घेतले. केनियाच्या ध्वजावरच तिथल्या मसाई जमातीची ढाल आणि दोन भाले असल्यामुळे आपले काही चुकते आहे असे मला वाटलेसुद्धा नाही. दुसऱ्या आठवड्यात एका सहशिक्षिकेच्या, केनियाची राजधानी नैरोबीत नोकरी करणाऱ्या भावाशी व्हिडिओ कॉल ठरवला. जुलै महिना होता, आपल्याकडे साडेदहा म्हणजे तिथे सकाळचे आठ. पडद्यावर ते स्वेटर घालून, हातात चहाचा कप घेऊन बसलेले दिसले आणि आफ्रिका म्हणजे ऊन एवढेच ठाऊक असलेला वर्ग चपापला. एका मुलाने विचारले, ‘काका, तुमच्या दारात सिंह येतो का?’ त्यांनी काही न बोलता मोबाइल खिडकीकडे वळवला. बाहेर उंच इमारती, खोळंबलेल्या गाड्या आणि गणवेशातली मुले होती. आमच्या मागच्या भिंतीवर मात्र बावीस भाले टांगलेले होते. ते उतरवायचे धाडस मला शाळा सुटल्यावर झाले.

नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे १८०० मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरहूनही उंचावर आहे आणि विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे तिथे जुलैत थंडी असते, हे मी आधी शिकवले असते तर स्वेटरचे कोडे मुलांनीच सोडवले असते. सिंहाचा प्रश्नही हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, कारण १९४६पासून शहराला लागूनच राष्ट्रीय उद्यान आहे आणि त्यात सिंह आहेत. आता मी घटकाची सुरुवात नैरोबीतल्या एका मुलाच्या दिवसापासून करते: तो केव्हा उठतो, काय खातो, शाळेत कसा जातो. वेशभूषेला मी तीन आठवड्यांत एकही तासिका देत नाही आणि त्यावाचून काही अडलेले नाही.

दुसरी चूक म्हणजे प्रत्येक विषय ओढूनताणून आत आणणे. ‘पाच सिंह आणि तीन झेब्रे मिळून किती?’ हे केनियाचे गणित नव्हे. सिंहांच्या जागी वाटाणे ठेवले तरी उत्तर तेच येते. आयत्या कार्यपत्रिका डाउनलोड करणाऱ्यांना हा फरक दिसत नाही, कारण त्यांना तासिका भरायची घाई असते. केनियाचे गणित घड्याळात सापडते: तिथल्या स्वाहिली भाषेत दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात, म्हणून आपले सकाळचे सात म्हणजे तिथले ‘सा मोजा’, अर्थात एक वाजला. मी हे सांगून पुठ्ठ्याचे घड्याळ मुलांच्या हाती देते आणि गप्प बसते. लहान काट्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचायचा, सातसमोर एक, आठसमोर दोन, ही युक्ती कोणीतरी दहा मिनिटांत शोधतेच. तेवढी दहा मिनिटे धीर धरवत नसेल तर हा घटक घेऊच नये.

भाषेच्या तासाला ‘हेसाबु’, ‘दुका’, ‘दुनिया’, ‘हबारी’ हे स्वाहिली शब्द फळ्यावर लिहिले की मुले हिशेब, दुकान, दुनिया आणि खबर ओळखतात. मात्र त्या आनंदात ‘बघा, आपली मराठी तिथवर पोहोचली’ असे ठोकून देऊ नये. हे शब्द दोन्हीकडे अरबीतून आलेले आहेत. चपाती मात्र भारतीयांबरोबरच गेली. १८९६ साली मोंबासाहून सुरू झालेल्या रेल्वेच्या बांधकामासाठी इथून सुमारे ३२ हजार मजूर नेले होते, त्यामुळे इतिहासाला या घटकात आपोआप जागा मिळते.

किलिमांजारो पर्वत टांझानियात आहे. केनियातून त्याची छायाचित्रे कितीही सुंदर येत असली तरी तो केनियाचा होत नाही. आफ्रिकेला देश म्हणू नये. एका आठवड्यात पाच देश घेण्यापेक्षा एकही घेऊ नये. आणि पालकांनी रात्री जागून केलेल्या तक्त्याला गुण देऊ नयेत.

मूल्यमापनासाठी मी पहिल्या दिवशी ‘केनिया’ म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येईल त्याचे चित्र काढून घेते आणि कपाटात ठेवते. शेवटच्या दिवशी त्याच कागदावर दुसऱ्या रंगाने दुरुस्ती करायला सांगते. बहुतेकांच्या चित्रातला सिंह जागेवरच राहतो, पण त्याच्या मागे इमारती येतात. गेल्या वर्षी एका मुलीने सिंहाला तीनच बाजूंनी कुंपण घातले होते. चौथी बाजू विसरलीस का, असे विचारल्यावर तिने दक्षिणेकडे बोट दाखवले आणि सांगितले की नैरोबीच्या उद्यानाला त्या बाजूला कुंपण नाही, प्राण्यांना ये-जा करता यावी म्हणून.